कारवी फुलली ते साल

मला उंचीची भीती वाटते का, हे लग्न ठरवताना कुणी विचारलं नाही. स्वयंपाक येतो का, कुराण वाचते का, शिवण येतं का, सगळं विचारून झालं. मी महाडातली, बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत वाढलेली. पावसाळ्यात घरात गुडघाभर पाणी शिरलं तरी आम्ही सामान माळ्यावर टाकून निवांत बसायचो. पाण्याचं मला काही वाटत नसे. पण त्याच माळ्यावर सामान चढवायची वेळ आली की शिडीच्या चौथ्या पायरीवर माझे पाय लटपटायला लागायचे. डोळे मिटून तिथेच उभी राहायचे, आणि धाकटा भाऊ खालून खिदळायचा.

लग्न करून गेले ती नेमकी डोंगराच्या पायाशी. पोलादपूरजवळच्या कापडे गावाच्या आतल्या अंगाला आमची मुसलमानांची आठ-दहा घरं, पलीकडे मराठ्यांची वाडी, मध्ये भातखाचरं, आणि सगळ्यांच्या डोक्यावर तो डोंगर. नकाशात त्याला काहीतरी नाव असणारच. गावात त्याला नुसतं 'वरचा' म्हणायचे. वरच्यावर ढग आला, वरच्यावर वणवा दिसतोय, असं. मी अंगणात भांडी घासायला बसताना त्याच्याकडे पाठ करून बसायचे.

हे लग्नानंतर पंचविसाव्या दिवशी आखातात परत गेले. तिकडे एका गोदामात कामाला होते. दोन वर्षांनी एकदा दोन महिन्यांची रजा. फोन करायचा तर पोलादपूरला बूथवर जायचं, आणि तिथे 'ऐकू येतंय का' विचारण्यातच पैसे संपायचे. म्हणून पत्रं. निळं, घडीचं, परदेशी जाणारं पत्र मिळायचं, त्यात लिहायला मोजकी जागा. आम्ही दोघंही मराठी शाळेतले, त्यामुळे पत्र मराठीतच. आणि ते लिहिणार मी, कारण सासूबाईंना, म्हणजे अम्मांना, अक्षरओळख नव्हती.

अम्मा पत्र सांगायला बसल्या की पान लावायच्या आणि सुरू करायच्या. "लिव, शेळी लंगडतेय. लिव, पुलाच्या कडेचं आंब्याचं झाड पडलं. लिव, मागच्या घरच्या सुनेला मुलगी झाली, नाकावर पार बापावर गेलीय. लिव, यंदा वरच्यावर कारवी फुललीय, सगळा डोंगर निळा झालाय, माश्या लागल्यात." मी मान हलवायचे आणि लिहायचे: 'इकडे सर्व ठीक आहे.' उरलेल्या जागेत माझं स्वतःचं लिहायचे. मला वाटायचं, वाळवंटात राबणाऱ्या माणसाला शेळीच्या पायाचं काय करायचंय? मी सातवीपर्यंत निबंधात पहिली यायचे, आणि कुठलं वाक्य ठेवायचं, कुठलं गाळायचं, हे मला कळतं असा माझा समज होता. अम्मांना मी लिहिलेलं वाचून दाखवायचे तेव्हा गाळलेलं तोंडानं घालून वाचायचे. म्हणजे लबाडी होतीच, पण त्यात वाईट काही आहे असं वाटत नसे.

दोन वर्षांनी हे एप्रिलमध्ये रजेवर आले. पत्रात मी यांच्याशी पुष्कळ बोलत असे, भांडतसुद्धा असे. समोर आले तेव्हा 'चहा ठेवू का' याच्यापुढे गाडी जाईना. लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि आम्ही एका छपराखाली काढलेले दिवस अडीच महिन्यांच्या आतबाहेर. मला यांची भीती वाटायची. हे रागीट नव्हते. पण गप्प बसले की मला वाटायचं, माझ्यातलं काहीतरी न आवडलेलं मनातल्या मनात लिहून ठेवतायत.

रजेचे अकरा दिवस उरले तेव्हा एका सकाळी हे म्हणाले, "उद्या तुला वरच्यावर नेतो. पहाटे निघू."

मी नाही म्हणायला हवं होतं. तोंड उघडलंसुद्धा. पण यांनी दोन वर्षांत पहिल्यांदा मला काहीतरी दाखवायचं म्हटलं होतं, आणि चेहरा असा झाला होता की मला 'नाही' म्हणवेना. लहानपणी गुरांमागे हे रोज वर जायचे. माथ्यावर कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं आहे, त्याचं पाणी मे महिन्यातही गार असतं, ते मला पाजायचं होतं. अम्मा चुलीपुढून म्हणाल्या, "तिला कशाला? ती शिडीवर चढत नाय." हे हसले आणि म्हणाले, "मी हाय ना."

पहाटे निघालो. मी सलवार-कमीज घातली होती, पायात रबरी चपला. यांच्या पायात तिकडून आणलेले पांढरे बूट. पिशवीत तांदळाच्या भाकऱ्या, बोंबलाची चटणी, कांदा, आणि तिकडचाच थर्मास. पहिला तास बरा गेला. ओढ्याचं कोरडं पात्र, मग करवंदीच्या जाळ्या, मग झाडी. झाडीत खाली किती आहे ते दिसत नाही, म्हणून मी चालू शकत होते. करवंदं तोडून खाल्ली. यांनी गुरं कुठे पाणी प्यायची, वाघरू कुठे दिसलं होतं, ते दाखवलं. मी चक्क दोन प्रश्न विचारले. मला वाटलं, जमतंय.

झाडी संपली आणि उन्हात आलो, तिथे वाट दुभंगत होती. एक वाट डावीकडे लांब वळसा घेऊन डोंगराच्या मागच्या अंगानं वर जायची. वरच्या वाडीच्या बाया लाकूडफाट्याला त्या वाटेनं येत. हे म्हणाले, "ती लांब हाय, दोन तास खाते. आम्ही पोरं इकडून जायचो." आणि सरळ वर बोट केलं.

मी वर पाहिलं. ती वाट नव्हती. पिवळ्या गवताचा उभा उतार होता, त्यात काळे दगड, आणि सगळीकडे काठ्या रोवल्यासारखी मनगटाएवढ्या जाडीची सुकी झुडपं. त्यांवर एक पान नाही.

"हे काय आहे?"

"कारवी गो. मे महिन्यात पानं झडतात, पावसात परत येतात. हिला धरून चढायचं. मुळापाशी धर, शेंड्याला नाय. बैल बांधलास तरी उपटायची नाय." मग म्हणाले, "सात-आठ वर्षांनी एकदा फुलते आणि मग सगळी एकदम मरते. तेव्हा हिच्यावर हात ठेवायचा नाय. पण फुलायला अजून एक-दोन पावसाळे असतील."

कारवी हा शब्द मी कुठेतरी ऐकला होता. मी लिहिलेल्या शब्दांत तो नव्हता, एवढंच त्या वेळी डोक्यात आलं. माझं सगळं लक्ष उताराकडे होतं.

पहिले काही हात चढून गेल्यावर मी चूक केली. खांद्यावरच्या पिशवीतून थर्मास काढायला वळले आणि खाली पाहिलं. आमचं गाव पायांच्या मधोमध दिसलं. खाचरं बोटभर, मशिदीचा पांढरा ठिपका. मी कारवीचं एक बुडखं दोन्ही हातांनी धरलं आणि कपाळ मातीला टेकवलं.

"मला खाली जायचंय," मी म्हणाले.

"उतरणं जास्त कठीण हाय," वरून हे शांतपणे म्हणाले. "वर थोडंच उरलंय. माझ्याकडे बघ. खाली नको."

त्यांचा हात माझ्यापुढे आला. मी धरला. घामानं ओला होता, आणि मला एवढ्या भीतीतही लाज वाटली, कारण उजेडात मी त्यांचा हात कधी धरला नव्हता. असे आम्ही चढत राहिलो. मी फक्त त्यांच्या बुटांच्या टाचा बघत होते. कारवीच्या काही काठ्या धरल्या की किरकिर वाजायच्या. मी ते यांना सांगितलं नाही. मला वाटलं, अशाच वाजत असतील.

माथा चाळीसेक हात राहिला तेव्हा एक कातळ आडवा आला. त्याला डावीकडून वळसा घालायचा होता. हे म्हणाले, "तू हितं बस. मी पलीकडे जातो आणि हात देतो." मी कातळाला पाठ लावून बसले. हे आडवे चालू लागले, एकेक कारवी धरत. तीन पावलं गेले. चौथ्याला यांनी एक जाडजूड बेटच धरलं, त्यावर भार टाकला, आणि ते अख्खं बेट मुळासकट यांच्या हातात आलं. काही आवाज झाला नाही. माती सुटल्याची नुसती सरसर. हे हातात काठ्यांचा जुडगा घेऊन पाठीवर पडले, माझ्या डोळ्यांसमोरून खाली गेले, आणि दिसेनासे झाले.

थोड्या वेळानं खूप खालून दगड पडल्याचे आवाज आले, एक, मग दुसरा, मग बराच वेळ काही नाही. मला वाटलं संपलं. आणि त्या क्षणी मनात काय आलं ते सांगायला मला आजही शरम वाटते. मनात आलं, आता पुढचं पत्र कुणाला लिहायचं.

मग खालून आवाज आला. "घाबरू नकोस. मी हाय."

"कुठे?"

"खाली एक टप्पा हाय. त्याच्यावर. पाय मुरगळलाय, टेकवत नाय." मग जरा वेळानं, "वाकून बघू नकोस."

मी बघणारच नव्हते. कुणी सोन्याची मोहर दिली असती तरी बघितलं नसतं. पण आवाजावरून कळत होतं, तीन माणसं एकावर एक उभी राहिली तर लागेल एवढं अंतर. त्या टप्प्याच्या खाली काय आहे, हे मी विचारलं नाही आणि यांनीही सांगितलं नाही.

"ऐक," हे म्हणाले. "कारवी मेलेली हाय. सगळी. एकीला हात लावू नकोस. दगड धर, तो हलवून बघ, मग भार टाक. वर जा. मे महिना हाय, पाऊस लागायच्या आधी घराच्या कुडाला कारवी लागते, वर बाया असतील तोडायला. त्यांना सांग."

"आणि नसल्या तर?"

"जा तू," हे म्हणाले.

मी तिथून हलले नाही. किती वेळ ते माहीत नाही. ऊन माझ्या गुडघ्यावर होतं ते मांडीवर आलं, एवढं आठवतं. वर जायचं तर ज्या उतारावरून हे गेले त्याच्याच कडेनं जायचं होतं. खाली जायचं तर एकटीनं आणि तोंड खाली करून. आणि बसून राहायचं तर हे खाली उन्हात, थर्मास माझ्याकडे. मी थर्मासकडे बघितलं आणि मला रडू आलं. मी दुआ म्हणायला सुरुवात केली, अर्ध्यावर विसरले. मला लहानपणापासून पाठ असलेली दुआ. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथेच विसरले. मला स्वतःचा एवढा राग आला की त्या रागानंच मी पहिला दगड धरला.

चपला काढून टाकल्या. ओढणी कमरेला बांधली. दगड हलवायचा, तो हलला नाही तर हात टाकायचा, मग गुडघा. उभी राहिलेच नाही. एका ठिकाणी पायाखालचा दगड निघाला आणि मी छातीवर पडून एक हात घसरले. नखांत माती भरली. मी तशीच पडून राहिले आणि मोठ्यानं म्हणाले, "मी मेले." खालून यांनी विचारलं, "काय झालं?" मी म्हणाले, "काही नाही." हे खोटं होतं, पण बोललेल्यांपैकी सगळ्यांत उपयोगी खोटं तेच असावं, कारण बोलल्यावर मी पुढे सरकले.

माथा आला ते मला कळलंच नाही. पुढचा दगड शोधायला हात पुढे केला आणि हाताला सपाट जमीन लागली. गवत, वारा, आणि आभाळ. लोक म्हणतात, माथ्यावर पोचल्यावर छाती भरून येते. मी पालथी पडले होते आणि मला उलटी झाली. करवंदं सगळी बाहेर आली.

डोकं वर केलं तर समोर टाकं होतं, त्याच्या काठाला कारवीचे चार भारे उभे केलेले, आणि दोन बाया माझ्याकडे टक लावून बघत होत्या. एक पन्नाशीची, कासोटा घातलेली, हातात कोयती. दुसरी तिची जाऊ, तिच्याहून तरुण.

"कुठून आलीस गो बाय?" मोठी म्हणाली.

मी मागे हात केला.

"त्या अंगानं?" दोघींनी एकमेकींकडे बघितलं. "त्या अंगानं आता शेळी पण येत नाय. कारवी मेलीय ना सगळी. गेल्या पावसात फुलली न्हवं का."

तिनं माझ्यापुढे टाक्याचं पाणी धरलं होतं, तांब्यात. मी ते प्यायले नाही. गेल्या पावसात. अम्मा पान लावतायत, मी पत्र मांडीवर घेऊन बसलेय, बाहेर पाऊस लागलाय. 'लिव, यंदा वरच्यावर कारवी फुललीय.' आणि मी लिहिलं होतं, इकडे सर्व ठीक आहे. जिथे ती ओळ बसली असती तिथे मी काय लिहिलं होतं तेही मला आठवलं. पोलादपूरला नव्या नक्षीच्या बांगड्या आल्यात, असं लिहिलं होतं.

"माझे..." मी म्हणाले. "माझा माणूस खाली पडलाय."

त्या बाया गोंधळल्या नाहीत. मोठीनं भाऱ्यांचे दोर सोडले, चारही, आणि गाठी मारत एकाला एक जोडले. प्रत्येक गाठ पायाखाली धरून ओढून बघितली. मग म्हणाली, "चल, दाखव."

"मी?"

"आम्हाला काय ठावं तो कुठल्या टप्प्यावर हाय? आणि ओढायला तिघी लागू."

इतका वेळ मला वाटत होतं, माझ्या वाटणीची भीती मी भोगून झाले. आता परत त्याच उतारावर, तेही तोंड खाली करून, उतरायचं होतं. मी नाही म्हणाले असते तर त्या दोघी रागावल्या नसत्या. अनवाणी पायांनी, गुडघ्यांतून रक्त येत असलेली बाई काय करणार, असंच म्हणाल्या असत्या. पण त्या ओळीमुळे मला नाही म्हणता येईना. मी जमिनीवर बसले आणि पाठीवरून, हातांच्या टेकूनं, इंचाइंचानं खाली सरकू लागले. मोठी पुढे होती. तिनं माझा एक घोटा हातात धरला होता आणि प्रत्येक वेळी तो योग्य दगडावर नेऊन ठेवत होती. सबंध वेळ ती बोलत होती, तिच्या सुनेबद्दल, म्हशीबद्दल. मला ऐकायची ताकद नव्हती, पण ती थांबली असती तर मीही थांबले असते.

कातळाच्या वरच्या बाजूला अंजनीचं एक जुनं झाड होतं, मघाशी मला न दिसलेलं. दोर त्याच्या खोडाला दोन वेढे देऊन खाली सोडला. तिथे मात्र मला वाकून बघावं लागलं. हे एका खाटेएवढ्या जागेवर बसले होते, पाठ दगडाला लावून, एक पाय लांब. पांढरा बूट लाल मातीनं माखलेला. त्यांच्या पलीकडे काहीच नव्हतं. सरळ खाली झाडांचे शेंडे. तरी मी मान मागे घेतली नाही, कारण हे वर बघत होते आणि हसायचा प्रयत्न करत होते.

यांनी दोर काखेतून बांधून घेतला. आम्ही तिघींनी ओढलं. एका पायानं आणि दोन हातांनी हे वर येत होते, मधूनच थांबत होते. दोर माझ्या तळहातांतून कातडी घेऊन गेला. शेवटी यांची बोटं कडेवर आली तेव्हा मी दोर सोडून ती बोटंच धरली, आणि मोठीनं मला शिवी हासडली, कारण दोर सोडायचा नसतो.

टाक्यापाशी पोचल्यावर तिनं यांना फैलावर घेतलं. "एवढा बाप्या झालास, मेलेली कारवी कळत नाय? गेल्या साली कुठं होतास?"

"दुबईला."

"आणि घरनं कुणी कळवलं नाय?"

हे म्हणाले, "नाय." साधं, सरळ. मी माझ्या पायांकडे बघत होते. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. बोलले नाही. उतारापेक्षाही मोठी भीती त्या वेळी मला तीच वाटली. मग टाक्याचं पाणी मी प्यायले. ते खरंच गार होतं.

मागच्या वाटेनं, त्या बायांच्या खांद्यांवर हात टाकून, दर पन्नास पावलांवर बसत, आम्ही उतरलो. घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. बाया बाहेरच्या बाहेर गेल्या, भारे वरच राहिले होते ते उद्या आणू म्हणाल्या. अम्मांनी काही न विचारता आंबेहळद उगाळली, चुलीवर गरम केली आणि यांच्या घोट्यावर लेप द्यायला बसल्या. मी दारापाशी उभी होते. लेप देता देता अम्मा म्हणाल्या, "कारवीच्या वाटेनं गेलास?"

"हां."

"अरे पण ती फुलून गेली. तुला लिवलं होतं मी, पावसातच. पत्र मिळालं नाय काय?"

यांनी माझ्याकडे बघितलं. चिमणीच्या उजेडात. फार वेळ नाही, पण तेवढ्यात यांना सगळं कळलं, हे मला दिसलं. पत्र मांडीवर घेऊन बसलेली मी, अम्मांचं पान, न लिहिलेली ओळ, सगळं. मी चौकट धरली. आता हे बोलणार, आणि अम्मांना कळणार की त्यांच्या लेकाला मी मारायला निघाले होते.

"मिळालं होतं अम्मा," हे म्हणाले. "वाचलं होतं मी. ध्यानात नाय राहिलं."

अम्मा त्यांच्या पाठीत एक धपाटा घालून म्हणाल्या, "लहानपणापासून असाच." मी आत जाऊन चुलीपुढे बसले आणि ओढणी तोंडात धरून रडले.

उरलेल्या दिवसांत यांनी तो विषय काढला नाही. मीही नाही. पण मला यांची जी भीती वाटायची ती मला नंतर शोधूनही सापडली नाही. अकराव्या दिवशी हे लंगडतच पोलादपूरच्या गाडीत चढले.

आठवड्यानं अम्मा पान लावून पत्र सांगायला बसल्या. मी एक शब्द गाळला नाही. शेळी परत लंगडतेय आणि आता पोटुशी आहे. मागच्या घरची मुलगी रांगायला लागली. करवंदं संपली. वरच्यावर ढग यायला लागले. अक्षर इतकं बारीक काढलं की माझंच मला वाचताना डोळे दुखले. आणि शेवटच्या दुमडीवर, जिथे आधी मी माझं लिहायचे, तिथे लिहिलं: 'गेल्या वर्षीच्या पत्रात अम्मांनी सांगितलेली एक ओळ मी लिहिली नव्हती. वरच्यावर कारवी फुलली आहे. ती आता लिहिते. मला माफ करा.'

उत्तर यायला महिना लागला. मी ते अम्मांना वाचून दाखवण्याआधी माजघरात उभ्यानं फोडलं. यांचं पत्र नेहमीच आखूड असे. पाय बरा आहे, काम चालू आहे, अम्मांना सलाम. आणि खाली माझ्यासाठी दोन ओळी. 'कारवीचं मला त्याच दिवशी कळलं होतं. शेळी व्याली असेल, तिला काय झालं ते मात्र लिही.'

शेळीला दोन करडं झाली होती. मी त्याच दुपारी लिहायला बसले.